गोळी घेतली तरी, तोडली तरी

माझी धुरपतामावशी धाराशिवकडच्या वाशी तालुक्यातल्या डोंगराकडच्या एका गावात खव्याच्या भट्टीवर काम करते. त्या भागात घरोघरी म्हशी आणि गल्लोगल्ली भट्ट्या. सकाळी दूध येतं, ते दुपारच्या आत आटवायचं. संध्याकाळी पुन्हा येतं, ते पुन्हा आटवायचं. हात थांबला की दूध तळाला लागतं आणि अख्खी कढई करपते. भट्टीवरच्या बाईला शिंक आली तरी तिनं उलथनं चालू ठेवूनच शिंकायचं, असं मावशी म्हणायची.

लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्या कढईपुढं आहे. तिचे यजमान आण्णाकाका दूध गोळा करायचे, लाकडं फोडायचे, खव्याचे गोळे टेम्पोत चढवायचे. कढईला मात्र हात मावशीचाच. भट्टी बुटकी, कढई मोठी, त्यामुळं उभ्यानं काम करायचं तरी कंबर अर्धी वाकलेलीच. दुपारी ती सरळ उभी राहायला लागली की आधी दोन्ही हात कमरेवर ठेवायची, डोळे मिटायची आणि मग हळूहळू उलगडायची. लहानपणी आम्ही मुलं तिची नक्कल करायचो. तीही हसायची.

दोन हिवाळ्यांमागं भरली कढई उतरवताना तिच्या कमरेत कट्‌ झालं. कढई तिनं सोडली नाही, नीट खाली ठेवली आणि मगच भुईवर बसली. एरंडाची पानं बांधून झाली, विटेचा शेक झाला, गावातल्या डॉक्टरची इंजेक्शनं झाली. दुखणं कमरेतून मांडीत उतरायला लागलं. सासू दगडाबाई म्हणाल्या, "बाईच्या जातीला कंबर हायच दुखायला. आमी काय केलं मग?" पण एका सकाळी मावशीला अंथरुणावरून उठताच येईना आणि म्हशीवाल्यांचे कॅन दारात तसेच राहिले. तेव्हा काकांनी तिला धाराशिवला नेलं.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, पाय वर उचलून बघितले. काम काय करता, असं विचारलं. मावशी म्हणाली, "घरचंच." ते खोटं नव्हतं. भट्टी घरचीच होती.

"नसेचा त्रास असू शकतो," डॉक्टर म्हणाले. "झोपताना एक गोळी घ्या. महिन्यानं दाखवायला या. सुस्ती येईल, गरगरल्यासारखं होईल. विस्तवापाशी आणि विहिरीपाशी सांभाळून राहा. वाकायचं काम काही दिवस बंद."

विस्तवापाशी सांभाळून राहा म्हटल्यावर तिला हसू आलं होतं, असं तिनंच मला नंतर सांगितलं.

पहिल्या गोळीला ती मेल्यासारखी झोपली. कित्येक आठवड्यांनी झोपली. सकाळी उठून तिनं गोळीच्या पाकिटाला हात जोडले आणि ते खिडकीच्या फळीवर, हळदीकुंकवाच्या डबीशेजारी ठेवून दिलं. पण थोड्याच दिवसांत कंबर पुन्हा बोलायला लागली. महिना सरला तेव्हा धाराशिवला जायला सवड नव्हती, लग्नसराई तोंडावर होती आणि खव्याला मागणी होती. मग काका फाट्यावरच्या शंभुलिंगच्या मेडिकलमधून तीच गोळी आणायला लागले. शंभुलिंग वाईट माणूस नव्हे. गिऱ्हाईक कळवळून सांगायचं, की हा दिलदारपणे काढून द्यायचा. "राहत न्हाय म्हणता? मग सकाळची पण एक चालू करा," तो म्हणाला. पुढं म्हणाला, "जरा जादा पावरची देतो." असं करत करत मावशी दिवसातून तीनदा गोळी घ्यायला लागली, तीही मोठी. डॉक्टरांना यातलं काही माहीत नव्हतं, कारण त्यांना कुणी सांगायलाच गेलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात मी सुट्टीत गेले तेव्हा मला मावशी ओळखू येईना. पाय सुजलेले, चेहरा जड. बोलताना शब्द सापडायचा नाही. "ते दे गं, ते... ढवळायचं," असं म्हणून ती हात फिरवून दाखवायची. इतकी वर्षं हातात असलेल्या उलथन्याचं नाव तिला आठवायचं नाही. चालताना भिंतीला हात लावून चालायची. आणि एवढं होऊनही कंबर दुखतच होती. फक्त दुखणं दूर कुठंतरी, पाण्याखाली असल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची.

मग एक दिवस उभ्या उभ्या तिचा डोळा लागला आणि कढई करपली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा. धुराच्या वासानं काका धावत आले. मावशीचा हात कढईच्या काठाला टेकलेला होता आणि तिला ते कळलंही नव्हतं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली.

"अगं बाई, हात भाजला तरी जागी होईनास! काय झोपेतच हिंडतीस का?" काका ओरडले.

"म्या काय करू वो?" ती म्हणाली. "गोळी घेतली न्हाय तर उभं ऱ्हाता येत न्हाय. घेतली तर जागं ऱ्हाता येत न्हाय."

दारात संध्याकाळचं दूध येऊन उभं होतं. काकांनी तिच्या हाताला बरनॉल लावलं आणि दुसरी कढई चढवली.

पावसाळा संपता संपता वैष्णवीला बघायला येडशीहून पाहुणे आले. वैष्णवी म्हणजे मावशीची मुलगी, बी.कॉम. झालेली. मुलगा पोस्टात होता, घर चांगलं होतं. मुलाची आई लहानपणीच गेलेली, त्यामुळं बायकांमध्ये त्याची चुलती पुढं होती. मोठी गोड बाई. पोहे झाले, प्रश्न झाले, वैष्णवी उठून आत गेली. चुलती खिडकीशी बसली होती. तिचं लक्ष फळीवरच्या पाकिटाकडं गेलं. तिनं ते उचललं आणि एकदम मायेनं म्हणाली, "अगं बया, आमच्या प्रतीक्षाला हीच गोळी हाय की! कधीपासनं फिट येत्यात वो तुमाला?"

बैठकीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मावशी म्हणाली, "फिट? न्हाय न्हाय, कंबरंची हाय ही."

"कंबरंची कशी आसंल? माझी लेक सहा-सात वर्सं खातीया. फिटचीच हाय." बाई खोटं बोलत नव्हती. आपल्यासारखंच कुणीतरी भेटलं म्हणून तिला बरं वाटलं असावं. पण मुलाच्या वडलांनी कप खाली ठेवला. निघताना ते काकांना म्हणाले, "कळवतो." दोन-तीन दिवसांनी मध्यस्थाबरोबर निरोप आला. आमच्या घरात एक आहे तेवढीच आम्हाला जड झाली आहे, त्यात हे रक्तातलं असलं तर पुढं काय, असं ते म्हणाले होते.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. म्हणजे मावशी जी झुलत चालते, बोलता बोलता थांबते, तिला फेफरं आहे तर! इतके दिवस घरच्यांनी लपवलं. ती पाण्याला गेली की बायका आपण होऊन तिची घागर उचलायच्या आणि तिला आडापासून लांब बसवायच्या. एका बारशात तिला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. एका म्हशीवाल्यानं दूध दुसऱ्या भट्टीवर न्यायला सुरुवात केली. दगडाबाईंनी कुणाकडून तरी काळा दोरा आणून तिच्या दंडाला बांधला. वैष्णवी मोबाईलवर बघून सांगायची, "आज्जी, ही गोळी दोन्हीला देतात. फिटला पण आणि नसेच्या दुखण्याला पण." आज्जी म्हणायच्या, "मोबाईल काय, कायबी सांगंल."

काकांनी हे सगळं काही दिवस सोसलं. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाले, "फिटची न्हाय म्हणतीस, तर मग सोडून दाखव. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

मावशी उठली. फळीवरचं पाकीट घेतलं, मागच्या भट्टीपाशी गेली आणि निखाऱ्यावर टाकून आली. "झालं?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा ताटावर बसली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते ती नीट सांगू शकत नाही. डोळ्याला डोळा लागला नाही. थंडीत घामानं लुगडं ओलं व्हायचं. छातीत धडधड, हाताला कंप, आणि कंबर तर सगळं व्याज घेऊन परत आल्यासारखी. पण ती बोलली नाही. बोललं तर गोळी पाहिजे म्हणते असं होईल, आणि गोळी पाहिजे म्हटलं तर फिट आहे असं होईल. दोन्हीकडून दार बंद. तिसऱ्या सकाळी दूध मोजून घेण्यासाठी ती ओट्यावर आली. म्हशीवाले रांगेत उभे होते. काका कॅन उचलत होते. मावशीनं माप हातात घेतलं, मान एका बाजूला वळली आणि ती कोसळली. हातपाय झटकायला लागले, तोंडाला फेस आला.

कुणी कांदा फोडून आणला, कुणी पायताण नाकाला लावलं. वैष्णवी किंचाळत सगळ्यांना ढकलत होती. आणि त्या गर्दीत कुणीतरी म्हणालं, "बघा, म्या म्हणलं नव्हतं?"

जीपमध्ये घालून तिला धाराशिवला आणलं. मी तेव्हा तिथंच कॉलेजात शिकत होते, म्हणून वैष्णवीचा फोन आला तशी दवाखान्यात पोचले. मावशी शुद्धीवर आली होती, पण जीभ चावल्यामुळं तिला नीट बोलता येत नव्हतं. डॉक्टर बाई होत्या, शिवप्रिया मॅडम, उमरग्याकडच्या. त्यांनी विचारलं, "आधी कोणती औषधं चालू होती?"

दगडाबाई म्हणाल्या, "कायबी न्हवतं, बाई. चांगली हिंडतीफिरती व्हती."

वैष्णवीनं आज्जीकडं बघितलं, मग बापाकडं. "गोळी चालू होती," ती म्हणाली. "कमरेसाठी. दिवसाला तीन. तीन दिवसांमागं एकदम बंद केली." तिच्या मोबाईलमध्ये पाकिटाचा फोटो होता, तो तिनं दाखवला.

मॅडमनी फोटो मोठा करून बघितला. डोक्याचा फोटो, रक्त, सगळं तपासून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना मावशीच्या कॉटपाशी बोलावलं. "हे गॅबापेंटिन. मूळचं फिटसाठीचं औषध आहे, पण नसेच्या दुखण्यालाही वापरतात. यांना फिटचा आजार आहे असं मला दिसत नाही. एवढी मोठी गोळी एवढे महिने घेऊन एकदम तोडली की असा झटका येऊ शकतो. क्वचित येतो, पण येतो."

"म्हंजी सोडली म्हणून आली फिट?" काकांनी विचारलं.

"हो."

"मी म्हणलं हुतं सोड म्हणून," काका हळूच म्हणाले. मॅडमना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

मावशीनं कागदपेन मागितलं नाही, खुणा केल्या नाहीत. सुजलेल्या जिभेनं, एकेक शब्द उचलत ती बोलली. "घेतली तर झोपंत हात भाजतो. सोडली तर ही गत. मग म्या जाऊ कुटं, मॅडम?"

मॅडम कॉटच्या कडेला बसल्या. "घ्यायची," त्या म्हणाल्या, "आणि थोडी थोडी कमी करत उतरायची. जिना उतरतो तसं. उडी मारायची नाही. काही महिने लागतील. आणि खरं सांगू का, धुरपताबाई? तुमच्यासारख्या कंबरदुखीला या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, असं आता दिसून आलंय. व्यायाम शिकवते, तो करा. आणि भट्टी उंच बांधून घ्या. वाकणं थांबल्याशिवाय कुठलीच गोळी पुरणार नाही."

म्हणजे जी गोळी नको होती, तीच पुन्हा घ्यायची, तीही नको होण्यासाठी. काकांना हे पटायला वेळ लागला. गावाला तर पटलंच नाही. दवाखान्यातून परत आली आणि गोळी पुन्हा चालू झाली, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

ते महिने मावशीनं घरात काढले. भट्टीवर काका उभे राहायचे. खव्याला धुराचा वास यायचा आणि काका संध्याकाळी पाठ धरून बसायचे. मावशी आतून ऐकायची. उलथनं कढईला कसं घासतंय त्यावरून तिला कळायचं, दूध आता लागणार. ती आतूनच ओरडायची, "खालनं फिरवा, खालनं!" पुन्हा झटका आला तर म्हणून आडावर एकटीनं जायचं नाही, चुलीपाशी एकटीनं बसायचं नाही. न्हाणीची कडी लावायची नाही. बाहेर दगडाबाई बसलेल्या. एकदा मी गेले तेव्हा ती म्हणाली, "अर्पिता, तुरुंगात तरी भाकर थापायला देत असतील गं."

गोळी निम्म्यावर आली होती, तेव्हा एका दुपारी ती कुणाला न सांगता फाट्यावर गेली आणि येडशीच्या बसमध्ये बसली. पिशवीत दवाखान्याचे कागद. वैष्णवीला नाकारणाऱ्या घरी जाऊन सांगायचं होतं की मला फिट नाही.

दार मुलाच्या चुलतीनं उघडलं. मावशीला बघून ती रडायलाच लागली. "म्या सहज बोलून गेले वो. माज्या तोंडामुळं पोरीचं इस्कटलं." मुलाचं लग्न दुसरीकडं जमलं होतं. मावशीनं तरी कागद काढले. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलंय, मला तो आजार न्हाय, कधीच नव्हता, आमच्या घराण्यात कुणालाच न्हाय, असं ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

चहा घेऊन एक मुलगी आली. वीस-एकवीसची, केस घट्ट बांधलेले, कपाळावर जुन्या जखमेचा व्रण. ही प्रतीक्षा. तिनं कप मावशीपुढं ठेवला आणि म्हणाली, "मावशी, फिट न्हाय हे तुमी लई जोरात सांगताय."

आई म्हणाली, "गप गं."

"खरंय की. मला हाय. म्हणून मी काय मेलेय का?"

मावशी सांगते की त्या क्षणी तिला हातातले कागद कुठं ठेवावेत ते कळेना. तिनं ते पिशवीत कोंबले. चहा प्याली. मग विचारलं, "तुला काय काय करू देत न्हायत?"

प्रतीक्षानं सांगायला सुरुवात केली. विहीर नाही, चूल नाही, गच्ची नाही. शिवणक्लास लावला होता, तो एका फिटीनंतर बंद केला. दारापुढचा रस्ताही एकटीनं ओलांडायचा नाही. मावशीनं तिचं सगळं ऐकलं. न्हाणीच्या कडीपाशी आल्यावर दोघी एकदमच बोलल्या, आणि हसल्या.

निघायची वेळ झाली तेव्हा प्रतीक्षा म्हणाली, "मी स्टँडपर्यंत येते सोडायला."

"एकटी न्हाय जायचं," आई म्हणाली.

"एकटी कुटं? म्या हाय की संगं," मावशी म्हणाली.

दोघी रामलिंगच्या फाट्याकडून रमतगमत स्टँडवर आल्या. प्रतीक्षानं वाटेत शिवणकामाच्या दुकानासमोर थांबून बराच वेळ काचेतली कापडं बघितली. बस लागलेली होती. मावशी पायरीवर पाय ठेवणार तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की ही आता परत एकटी कशी जाणार? ती मागं फिरली. बस निघून गेली. मावशी मुलीला घरापर्यंत सोडून आली आणि पुढच्या बसला बराच वेळ स्टँडवर बसून राहिली. कंबर दुखत होती. पण इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच कुणाला सांभाळत होती. एरवी तिलाच सगळे सांभाळत होते.

घरी पोचली तेव्हा अंधार पडला होता. काका फाट्यावर येऊन उभे होते. ते रागावले नाहीत. "सांगून जायचं," एवढंच म्हणाले.

गोळी उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर्ण सुटली. त्या दिवशी मावशीला आनंद बिनंद काही झाला नाही. उलट कित्येक रात्री ती जीव मुठीत धरून झोपायची, पुन्हा झटका येईल म्हणून. तो आला नाही. शब्द परत आले, पायांची सूज उतरली. कंबर मात्र अजून दुखते, थंडीत जास्त. मॅडमनी शिकवलेला व्यायाम ती भट्टीशेजारी पोतं अंथरून करते आणि दगडाबाई तोंड फिरवून बसतात. काकांनी भट्टी उंच बांधून घेतली. सकाळची कढई मावशी करते, संध्याकाळची काका. गेलेला म्हशीवाला परत आला नाही.

वैष्णवीला अजून दोन ठिकाणांहून नकार आला. दोन्हीकडं कुणीतरी आधीच सांगून ठेवलं होतं. ती आता धाराशिवला एका सीएकडं नोकरी करते आणि लग्नाचं नाव काढलं की फोन ठेवते. मावशीला रात्री हेच टोचतं, कमरेपेक्षा जास्त. मला म्हणाली, "माजी गोळी सुटली गं, पोरीची न्हाय सुटली."

महिन्यातून एकदा ती येडशीला जाते. प्रतीक्षाचा शिवणक्लास पुन्हा चालू झालाय, पण घरच्यांनी अट घातली आहे की सोबत कुणीतरी पाहिजे. इतर दिवशी आई जाते. एक दिवस मावशी जाते, क्लासबाहेरच्या बाकड्यावर दोन तास बसते, मध्येच उठून कमरेवर हात ठेवते, आणि आतून मशीनचा आवाज येतोय ना, ते ऐकत राहते.